मेंढीचं देवक आणि अर्मेनियन सोयरे

वॉल्थॅम, मॅसॅच्युसेट्स
सप्टेंबरातला दुसरा रविवार

तीर्थरूप लुयिमादादास, तुझी धाकटी बहीण नालुयिमा हिचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (डावा गुडघा गेल्या हिवाळ्यापासून टेकत नाही. तोही टेकला असं धरून चालावं.) तू कसा आहेस? वहिनी कशी आहे? केळीची बाग बरी आहे ना? कॉफीला यंदा फूल धरलं का? ती एका शिंगाची गाय अजून शेजाऱ्यांच्या रताळ्यांत शिरते का? आपल्या मसाका गावचा पाऊस, चर्चचं छप्पर, तुझा दमा, सगळं बरं आहे ना? प्रत्येक प्रश्नाला तू खुर्चीत बसून "बरं आहे" म्हणालास असं समजून पुढे लिहिते, नाहीतर विचारपूस करण्यातच कागद संपायचा.

तुझा फुलस्केप मिळाला. डावीकडे लाल शाईचा समास, वर तारीख, खाली चौदा प्रश्न. "अमेरिकेतील अर्मेनियन व युगांडन स्थलांतरित समाजांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीची तुलना करा. दोहोंपैकी वरचढ कोण, ते सकारण लिहा." दादा, निवृत्त होऊन तुला सात वर्षं झाली, पण मुख्याध्यापक काही तुझ्या अंगातून जात नाही. एप्रिलमध्ये तुझ्या मुलीने, आपल्या नाबोसाने, फोनवर तुला सांगितलं की तिला झावेन होविव्यान नावाच्या अर्मेनियन मुलाशी लग्न करायचंय. तू फोन ठेवलास. तेव्हापासून पाच महिने बापलेकीत एक शब्द नाही, आणि आता शब्दाऐवजी ही प्रश्नपत्रिका, तीही तिला नाही, मला! असो. मुलीसाठी घर बघणं हे आपल्यात आत्याचंच काम, तेव्हा मी पेपर सोडवायला बसले आहे. अक्षराचे गुण कापू नयेत.

तर आर्थिक स्थिती. हे लोक आपल्या आधी शंभर वर्षं इथे आले. शेजारच्या वॉटरटाऊनमध्ये रबराचा कारखाना होता, त्यात त्यांच्या आजोबांनी अमेरिकेच्या बुटांचे तळवे केले. आपण आलो तीस-चाळीस वर्षांपूर्वी, आणि ते बूट घालून म्हातारे झालेल्यांना आपण वृद्धाश्रमांत आंघोळी घालतो. म्हणजे गिऱ्हाईक एकच, फक्त आपल्याकडे पोचेपर्यंत ते फार चिडचिडं झालेलं असतं. त्यांची स्वतःची दुमजली घरं आहेत, खाली आजी, वर मुलगा-सून. आपल्याकडे एका मजल्यावर तीन बिऱ्हाडं आणि पलंग कधी गार होत नाही, कारण एक दिवसपाळीला गेली की दुसरी रात्रपाळीहून येऊन आडवी होते. गुरं (प्रश्न चौथा): एकही नाही. पण फ्रीझर दोन, आणि दोन्ही भरलेले. जमीन (प्रश्न पाचवा): आहे, स्मशानात. अजून न मेलेल्या माणसांच्यासुद्धा जागा घेऊन ठेवल्या आहेत, आणि झावेनची आजी दर शनिवारी जाऊन स्वतःच्या जागेवरच्या फुलांना पाणी घालून येते. आपल्या वॉल्थॅमकरांची इथे वीतभर जमीन नाही, पण प्रत्येकाचं युगांडात एक अर्धवट घर आहे. माझंच बघ ना, तुझ्या देखरेखीखाली नऊ वर्षांत खिडकीपर्यंत आलं. (हा टोमणा नाही. असलाच तर प्रेमाचा आहे.)

सामाजिक स्थिती. त्यांची दोन चर्चं हाकेच्या अंतरावर आहेत आणि या चर्चचा माणूस त्या चर्चमध्ये जात नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पण दोघांनी सांगितलेलं एकसारखं निघत नाही. आपलं चर्च भाड्याचं, रविवारी दोन ते चार, आणि त्या दोन तासांत बोलायला पाद्री अकरा. शिक्षणात म्हणशील तर त्यांची स्वतःची शाळा आहे, स्वतःची अक्षरंही आहेत. झावेनच्या आजीने, अझनीव आजीने, मला पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमची अक्षरं कुठली?" मी म्हटलं, इंग्रजांचीच वापरतो. ती "अरेरे" म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला. मग आपल्या राजाला स्मरून मी विचारलं, "तुमचा राजा कुठला?" त्यांना राजा नाही. मी "अरेरे" म्हटलं आणि तिच्या हातावर हात ठेवला. इथे दोन्ही समाज बरोबरीत सुटले असं माझं मत आहे.

एका बाबतीत मात्र मला तुलना करवेना. अझनीव आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, जन्मली बैरूतमध्ये. तिची आई तुर्कस्तानातल्या कत्तलीत सगळं गमावून खारपेर्त नावाच्या गावाहून पायी चालत निघाली होती. आजीने ते गाव कधी पाहिलेलं नाही, पण तुतीचं झाड अंगणाच्या कुठल्या कोपऱ्यात होतं ते ती सांगते. तिचं गाव नकाशात आहे, पण तिथे तिचं कुणी नाही. माझं गाव आहे, तू तिथे आहेस, वहिनी आहे, आणि तरी मी अकरा वर्षांत आले नाही. हे लिहिताना मला रडू आलं, म्हणून हा मुद्दा इथेच पुरा.

आता प्रत्यक्ष भेटीचा वृत्तांत, कारण सहाव्या प्रश्नात तू "मुलाकडच्यांची वागणूक उदाहरणासह" मागितली आहेस. मुलाकडच्यांनी आधी आत्याच्या घरी यायचं असतं हे मला ठाऊक आहे, ओरडू नकोस. पण आजीला माझे तीन जिने चढवेनात. म्हणून मागच्या रविवारी आम्हीच गेलो: मी, नाबोसा, आणि बोलणी करायला कायोंडो. (हा शाळेची बस चालवतो, पण रीतिरिवाजात इतका कडक की गेल्या वर्षी एका नवऱ्यामुलाला त्याने चुकीच्या पायाने उंबरा ओलांडला म्हणून तीनदा बाहेर पाठवलं होतं.) मी दारातच आजीपुढे गुडघे टेकले, म्हणजे उजवा टेकला आणि डाव्याने दगा दिला. आजीला वाटलं मी कोसळले. ती "धरा! धरा!" ओरडली, झावेनच्या बापाने मला काखेत हात घालून उचललं आणि सोफ्यावर आडवं करून तोंडावर गुलाबपाणी मारलं. मी सांगतेय की अहो, हा नमस्कार आहे, आणि आजी सांगतेय, "बोलू नकोस बाई, श्वास घे."

आणि मग जेवण आलं. दादा, त्यांनी आमच्या मानासाठी अख्खं कोकरू केलं होतं. पाद्रीबुवांकडून मिठाला आशीर्वाद घेऊन, पहाटेपासून शिजवलेलं. आमच्यापुढे परात ठेवली आणि सगळे उभे राहून हसतमुखाने बघायला लागले. आता तूच सांग, आपलं देवक मेंढी. जन्मात आपण मेंढीला तोंड लावलेलं नाही, मेंढी रस्त्यात दिसली तर तू सायकलवरून उतरतोस. नाबोसा परातीकडे बघेना, मी छताकडे बघायला लागले. झावेनला आमच्या देवकाचं ठाऊक होतं, पण त्या दिवशी तो बिचारा सकाळपासून घाबरून नुसता कॉलर नीट करत होता, स्वयंपाकघराकडे फिरकलाच नव्हता. कायोंडोचं देवक मासा, तेव्हा त्याला काहीच आडकाठी नव्हती. त्याने दोन तुकडे वाढूनही घेतले.

आजीचा चेहरा उतरला. ती सुनेला, झावेनच्या आईला, म्हणाली, "माझ्या हातचं यांना चालत नाही." तिच्या आईने वाटेत भाकरीच्या तुकड्यासाठी काय सोसलं ते मला माहीत होतं, त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईने सांगून टाकलं की आजी, राग मानू नका, मेंढी आमची नातेवाईक आहे, आमचं कूळ तिचं आहे, आम्ही तिला खात नाही. आजीने छातीवर क्रूस काढला. सुनेने परातीवर टॉवेल टाकला, अगदी घरात कुणी गेल्यासारखा. आणि मग आजीला काय सुचलं देव जाणे, तिचे डोळे चमकले, तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मग आपण एकच की गं! आमचं आडनाव म्हणजे मेंढपाळ. माझ्या सासऱ्यांच्या आज्याकडे चारशे मेंढ्या होत्या. आम्हीपण मेंढीचेच!"

ती आमचं मन राखायला बोलली, पण कायोंडो हातातल्या हाडासकट उभा राहिला. "देवक एकच," तो म्हणाला, "मुलगा आणि मुलगी भाऊबहीण झाली. हे लग्न होत नाही. मी पुढचं काही बोलू शकत नाही." आणि हाड चोखत खाली बसला.

दादा, नाबोसाचा चेहरा बघायला तू हवा होतास. झावेनला वाटलं काहीतरी मानपान चाललाय, म्हणून तो हसून मान डोलावत होता. तिने त्याच्या कानात सांगितलं तेव्हा त्याची मान जागच्या जागी थांबली. आजी विचारायला लागली, मी काय वाईट बोलले? आणि कुणालाही सांगवेना की तुम्ही प्रेमाने लग्न मोडलंत.

तेव्हा मी उठले. (पटकन नाही, गुडघा!) मी म्हटलं, "कायोंडो, तू मसाक्यात शिकलास की बसमध्ये? मेंढी पाळणारा मेंढीच्या कुळातला कसा? आपल्या कुळातला माणूस तिला कापून, जिरं लावून पाहुण्यांना वाढेल का?" कायोंडोने परातीकडे बघितलं. मुद्दा बिनतोड होता, पण तो सहजी मानणाऱ्यातला नाही. म्हणाला, "आजीचं सोडा, त्या सून होऊन आल्या. मुलाने माझ्यासमोर खाऊन दाखवावं."

इथे खरी पंचाईत झाली. नाबोसा खात नाही म्हणून या मुलाने दीड वर्षापूर्वी मेंढी सोडली होती, आपणहून, कुणाला न सांगता. घरात सांगायचा, पोट बिघडतं. आजी दीड वर्षं त्याच्या पोटासाठी मेणबत्त्या लावत होती. आता त्याने नाबोसाकडे बघितलं. तिच्यासमोर तिचीच नातेवाईक कशी खायची? नाबोसा म्हणाली, "खा." तो हलेना. "झावेन, खा म्हणते ना! सगळं खा!"

त्याने खाल्लं. एक तुकडा, दोन, चार. डोळ्यांत पाणी, तोंडात घास, आणि आजी बाजूला उभी राहून "पोट बरं झालं! पोराचं पोट बरं झालं!" म्हणून रडते आहे, माझे गाल चुंबते आहे. पाचव्या तुकड्याला कायोंडोने हात वर केला आणि जाहीर केलं की हा मुलगा मेंढीच्या कुळातला असणं कदापि शक्य नाही. मी तोंडावर हात घेऊन असा आनंदाचा चीत्कार केला की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. मग आमच्यासाठी जेवण शोधायला लागले तर भातात मेंढीची चरबी, पानांच्या गुंडाळ्यांत मेंढीची चरबी. शेवटी नाबोसा आणि मी काकडी, चीज, रोटी आणि सुके जर्दाळू यांवर जेवलो, आणि इतकं पोटभर, इतक्या हसण्यासकट मी या देशात जेवलेले नाही. जेवण झाल्यावर आजीने कॉफीचा कप उपडा करून माझं भविष्य पाहिलं. म्हणाली, एक म्हातारा दिसतोय, पाठ करून बसलाय. मी म्हटलं, तो माझा भाऊ.

वरचढ कोण, हा तुझा शेवटचा प्रश्न मी सोडून देते. त्याचे गुण काप.

वहिनीला नमस्कार, गाईला शिस्त.
तुझी बहीण,
नालुयिमा

ता. क.: आपल्या चर्चमधल्या ज्या नामुलीच्या हाती हे पत्र पाठवतेय, ती महिन्याने परत येईल. तिच्याबरोबर झाडाच्या सालीचं चांगलं कापड आणि एक निळी गोमेसी पाठव. गोमेसी अझनीव आजीला नेसवायची आहे. उंची माझ्या खांद्याइतकी, रुंदी माझ्या दीडपट.

ता. क. २: कशासाठी, असं विचारशील. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये लग्नाआधीचा ओळखीचा समारंभ आहे, कायोंडो मुलाकडच्यांना रीतसर आपल्यापुढे उभं करणार आहे. दोनशे बोलावणी छापून झाली आहेत. निमंत्रक म्हणून तुझं नाव आहे. वर्गात "कुणाला शंका?" विचारल्यावर गप्प बसलेल्यांना कळलं, असं तू धरायचास. तू पाच महिने गप्प आहेस, म्हणून मीही तेच धरलं.

ता. क. ३: आता खरं ते लिहिते. नाबोसाने झावेनला सांगितलंय की बाबांच्या तोंडून होकार ऐकल्याशिवाय मी त्या हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही, आणि तो थांबायला तयार आहे. बोलावण्यांचं तिला ठाऊक नाही. ती एकतीस वर्षांची आहे, दादा. कामावरून आली की बूट काढायच्या आधी फोन बघते, तुझा आलाय का म्हणून.

ता. क. ४ (नाबोसाच्या हातचं): बाबा, आत्या हे पत्र टेबलावर उघडं टाकून बाजारात गेली आहे. बोलावण्यांचं मी तिच्याशी बघून घेते. बाकी सगळं खरं आहे, फक्त तिने पाच तुकड्यांनंतर मोजायचं सोडलं, त्याने नऊ खाल्ले. त्यांची घरं, गुरं, फ्रीझर तुम्ही विचारलेत म्हणून तिने लिहिलं. मला तो आवडतो का हे तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून ते कुणीच लिहिलं नाही. आवडतो, बाबा. मंगळवारी मला सुट्टी असते.

ता. क. ५: दादा, बाजार रविवारी बंद असतो. मी खालच्या पायरीवर तासभर बसले होते, गुडघा आखडून गेला. तुम्हा दोघांपैकी एकाने तोंड उघडायला हवं होतं, आणि तुझ्या हटवादीपणाची मला साठ वर्षांची ओळख आहे, म्हणून मी तिच्यापासून सुरुवात केली. आता मंगळवारी फोन तू कर.