बाबांच्या गेता तोराकाकांच्या पायात

ती. शिझुएताई,

ओतारूला अजून गुडघाभर बर्फ असेल. इथे हिताला उमेच्या झाडांना फुलं आली आहेत. तुझं कंबरेचं दुखणं कसं आहे? मेहुण्यांचं दुकान ठीक चाललं असेल. आई वेळेवर जेवते. मीही बरा आहे.

वाट बंद झाल्यामुळे तुला बाबांच्या अंत्यविधीला येता आलं नाही, हे आईला समजलं आहे. (रबरी बुटांच्या व्यापाऱ्याशी लग्न केल्यावर बाबांनी तुला दारात तरी उभं केलं असतं का, असं तू विचारलं आहेस. त्याविषयी शेवटी लिहितो.)

माणसाला शेवटचा निरोप देताना पायात गवताच्या चपला बांधतात, हे बाबांना कधीच मान्य नव्हतं. तुला त्यांचं गिऱ्हाइकांना ऐकवायचं पुराण आठवत असेल : आधी शेतातल्या चिखलात रुतू नये म्हणून पायाखाली फळ्या आल्या, मग शहरातल्या बायकांचे किमोनो भिजू नयेत म्हणून लाकडी गेतांचे तळाचे दात उंच झाले, आणि मग रबर आलं. इथे ते थांबायचे आणि रंधा उचलायचे. दुखण्यात त्यांनी मला एवढंच बजावलं होतं, "गवत बांधून पाठवलंस तर अर्ध्या वाटेवरून परत येईन."

म्हणून मी भटजींची परवानगी काढली आणि त्यांच्या रोजच्या गेता शवपेटीत फुलांखाली ठेवल्या. निदान मला तसं वाटलं. दाराच्या पायरीपाशी गेता काढायची बाबांची जागा ठरलेली. मी तिथलाच जोड उचलला. पण तोराकाकांची खोड तुला माहीत आहे. थोरल्या भावाच्या गेता पायाने सरकवून ते स्वतःच्या त्या जागी काढतात. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. सगळ्या गल्लीच्या गेता बाबांनीच घडवलेल्या, काळा पट्टा, एकच घाट. मला फरक कळला नाही. काकांच्या गेता अग्नीत गेल्या आणि काका उरलेला जोड घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आईजवळ बसलो होतो. गल्लीतून बाबा आले. म्हणजे त्यांच्या गेतांचा आवाज आला : एक ठोका भरीव, एक घसटता. आई उठली आणि तिने चहाचं पाणी ठेवलं. मी दार उघडलं तर तोराकाका. आपल्या गेता हरवल्याची तक्रार घेऊन आले होते. काय झालं ते सांगितल्यावर ते पायरीवरच बसले. म्हणाले, "माझ्या गेता पुढे गेल्या, आता तो मलाही बोलावणार. वहिनी, त्याला सांगा, मला घाई नाही."

आई त्यांच्या पायांकडे बघत होती. म्हणाली, "भावजी, काढू नका. चहा होईपर्यंत गल्लीच्या टोकाला जाऊन या."

काका गेले आणि आले. आता रोज येतात. (चहाबरोबर गोड लागतं, हेही त्यांनी कळवलं आहे.)

तुझा भाऊ,
योशिहारु

ता. क. काका त्याच गेता घालून नदीवर, बाजारात, सगळीकडे हिंडतात. दात फार दिवस टिकायचे नाहीत. तेव्हा मेहुण्यांना सांगून काकांच्या मापाचे रबरी बूट मिळतील का? मग गेता फक्त आमच्या गल्लीपुरत्या राहतील. पोस्टाने नकोत. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला तू घेऊन ये.

आणखी एक, तुझ्या प्रश्नाविषयी. मेहुण्यांनी पाठवलेले बूट आपण चुलीत घातले, असं बाबा सगळ्यांना सांगत. काल भुशाच्या पोत्यामागे सापडले. बाबा उजवा पाय घासत चालायचे, म्हणून त्यांच्या गेतांतली एकच झिजली आहे. बुटांचंही तेच. उजव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगाने पार झिजली आहे. ते काकांना द्यायचे नाहीत, असं आई म्हणते.