क्लचखालचं रबर

सृष्टी,

काल तू म्हणालीस, “आबा, आपल्या गाडीचा क्लच दाबताना माझा पाय पुरत न्हाई, खाली स्टॉपर बसवूया.” मी ओरडलो, “फौजेत पंधरा वर्षं ट्रक चालवला, असली थेरं कवा लागली न्हाईत.” तू ताटावरनं उठलीस. चुकलं माझं.

आज सकाळी तुझ्यासारखी सीट पुढं ओढून बसलो. क्लच तळाच्या चार बोटं आधीच पुरता सुटतो, खाली तुझा पाय उगाच ताणतोय. तिथं जाड रबर बसवलंय. रहिमतपूरपर्यंत जाऊन आलो, रिव्हर्स गिअरसुद्धा करकर न करता पडला. कधी करकरला तर जोर लावू नको, रबर काढून टाक.

येताना समोरचा टेम्पो मला लय उशिरा दिसला. कुणाला लागलं न्हाई, पण तिथनं घरापर्यंत गाडी दुसऱ्या गिअरवरच आणली. तिकडं सीमेवर जयराजला सांगू नको, बापाच्या काळजीनं रजा टाकून पळत येईल.

सोमवारी तुझ्या सासूला मिरजेला तपासायला तूच ने. मी मागं बसेन. किल्ली तुझ्या पर्समध्ये ठेवलीय, आता मला विचारायचं कारण न्हाई.

मळ्यात हाय. जेवायला हाक मार.

आबा