डावीकडची सीट

बाबा, ताईचा मला अजून हेवा वाटतो. चाळिशी जवळ आली, मुलगा माझ्या खांद्याला लागला, तरी वाटतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सख्ख्या बहिणीवर जळतोस होय रे?" हो, जळतो. आणि त्याला कारण तुम्हीच आहात, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

अंबरनाथच्या कारखान्यातली नोकरी सोडून तुम्ही उल्हासनगरात, कॅम्प पाचला गॅरेज टाकलंत तेव्हा मी शाळेत होतो. पुढे आयटीआयला मोटार मेकॅनिक केलं, पहिल्या वर्गात पास झालो. सर्टिफिकेट फ्रेम करून तुम्हीच भिंतीवर लावलंत. त्यानंतर सात वर्षं मी तुमच्या शेजारी उभा राहून काम केलं. नखांतलं काळं लग्नाच्या दिवशीसुद्धा निघालं नव्हतं. आणि ताई? ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आठवड्यातून एकदा, रविवारी, बदलापूरहून इस्त्रीची साडी नेसून यायची, आणि तुम्ही फडक्याने हात पुसत गाडीचं डावं दार तिच्यासाठी उघडायचात. माझ्यासाठी तुम्ही कधी दार उघडल्याचं मला आठवत नाही.

तुमचा नियमच होता. चाकाचं किंवा पुढच्या सस्पेन्शनचं काम असेल तर ट्रायलशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या हाती जायची नाही. ट्रायल कुठे, तर अंबरनाथच्या रस्त्याला कारखान्याची ती लांबच लांब भिंत आहे तिथे. दोन्ही काचा खाली, गाडी भिंतीला अगदी लगटून. मोकळ्या रस्त्यावर आवाज उडून जातो, भिंत तो परत आणून कानात टाकते, असं तुम्ही म्हणायचात. स्टिअरिंगवर तुम्ही, भिंतीकडे ताई. मग ती परत येऊन सांगणार, "खड्ड्यात एकदाच ठक होतं, वळताना नाही. सस्पेन्शनचा बुश गेलाय." आणि तसंच निघणार! दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे आवाज ओळखणारी बाई ती. सिंधी गिऱ्हाइकं तर तिच्यावर फिदा. "साईं, आज बहेन नहीं है? तो गाडी संडे को लाता हूँ." हे मी गाडीखाली झोपून ऐकायचो. एकदा धीर करून विचारलंही, "बाबा, आज मी बसू का बाजूला?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "तू पाना धर. ऐकायचं काम तिचं."

तो कापडवाला आठवतो? त्याची फियाट घूं घूं करत होती. वेग वाढला की आवाज वाढायचा. वार बुधवार, ताई ड्यूटीवर. मी म्हटलं, डाव्या चाकाचं बेअरिंग, आणि बदलूनही टाकलं. त्या दिवशी ट्रायल तुम्ही एकट्यानेच घेतलीत. रविवारी तो परत हजर. "साईं, आवाज तो वही का वही है." तुम्ही ताईला घेऊन भिंतीला जाऊन आलात. ती खाली उतरली आणि माझ्याकडेच बघून म्हणाली, "वळणावर आवाज बदलतच नाही रे. बेअरिंग असतं तर उजवीकडे वळताना वाढला असता ना?" तुम्ही टायरवर तळहात फिरवलात. एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखा. मग माझा हात धरून त्यावरून फिरवलात. गिऱ्हाइकासमोर. बेअरिंग चांगलं होतं, टायर वेडावाकडा झिजला होता. "सर्टिफिकेट भिंतीवर राहू दे, हात टायरवर ठेवत जा," असं म्हणालात, आणि ताई हसली. वाईट हेतूने नव्हती हसली, हे आज कळतं. तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्यानंतरच्या एका रविवारी एका डॉक्टरांची फियाट तयार होती. ब्रेकचं काम मीच केलं होतं. चाक बसवलं आणि व्हील कॅप लावताना आत बोराएवढा एक खडा टाकला. कुणी बघितलं नाही. असा खडा हळू चालताना खडखडतो आणि वेग घेतला की कडेला चिकटून गप्प बसतो. माणूस चक्रावतो. मला ताईला फक्त एकदा चुकलेली बघायचं होतं, बाबा. एकदाच.

गाडी परत येते. ताई उतरते. कपाळाला आठी. "डाव्या पुढच्या चाकात काहीतरी वाजतंय. हळू असताना. वेगात थांबतं." तुम्ही डॉक्टरांकडे बघता, मग माझ्याकडे. मी जॅक लावतो, तुमच्याकडे पाठ करून कॅप काढतो, खडा मुठीत घेतो. चाक हलवून दाखवतो, फिरवून दाखवतो. तुम्ही विचारता, "कॅपमध्ये खडाबिडा नाही ना?" उस्तादच तुम्ही, नेमकं तेच विचारता. मी म्हणतो, "बघितलं बाबा, काही नाही." आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवता. सात वर्षं मला जे हवं होतं ते त्या एका वाक्याला मिळालं.

दुसऱ्या ट्रायलला अर्थातच काही वाजलं नाही. डॉक्टर हसून म्हणाले, "टेलिफोनवाली की लाइन क्रॉस हो गई क्या?" ताई एवढंच म्हणाली, "होता आवाज." तुम्ही तिच्यावर ओरडलात. तिच्यावर! "कान ठिकाणावर नसतील तर येत जाऊ नकोस." मी चाकाचे नट आवळत होतो आणि मला मनातून गुदगुल्या होत होत्या. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

नंतर तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत. "ट्रायल तू घेत जा." मला वाटलं, अखेर बाबांना माझी किंमत कळली. तुम्ही स्टुलावर बसायला लागलात, हळूहळू दुपारी घरी जायला लागलात, वर्षभरात यायचेच बंद झालात. मी सगळ्यांना सांगत होतो, वडिलांनी गॅरेज माझ्यावर सोपवलं. तुम्ही गेलात त्यालाही आता आठ वर्षं झाली.

गेल्या महिन्यात पालेगावजवळ ताईच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो. चहा पिताना ती सहज म्हणाली, "बाबांना डाव्या कानाने काही ऐकू येत नव्हतं, माहितीये ना तुला? कारखान्यातच गेला होता तो कान." मला माहीत नव्हतं. डावीकडून हाक मारली की तुम्ही ओ द्यायचा नाहीत, मला वाटायचं मुद्दाम. डाव्या चाकाचं तुम्हाला काहीच कळत नव्हतं, म्हणून ताई. "त्या डॉक्टरांच्या गाडीनंतर मला म्हणाले, माझा एक कान होता तो तू, तोही गेला. आता कुणाच्या जिवावर गाडी सोडू?" मी विचारलं, मला का नाही सांगितलं? "म्हणाले, तो मला उस्ताद समजतो, समजू दे."

तुमचं काम मी बंद पाडलं, बाबा. एका खड्याने. त्या क्षणी तिथेच मान खाली जायला हवी होती. पण खरं सांगतो, माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की तिला सांगितलंत आणि मला नाही. चहा संपवून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

ताईला अजूनही वाटतं की त्या दिवशी तिचे कान चुकले. त्यानंतर ती कधी कुणाच्या गाडीत बसून 'हे काय वाजतंय' म्हणाली नाही. आवाज होता, एवढं तिला सांगायला मला दोन शब्द पुरतील. पण सांगितलं की ती पुन्हा एकदा बरोबर ठरेल, आणि ते मला अजून सोसत नाही.