अब्बांच्या उशाचं पातं

१९ जाने.
अम्मीनं आज परत विषय काढला. डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यापासून एकच टुमणं. "मला तुझ्या अब्बांशेजारी ठेव. हितं श्रीगोंद्यात न्हाई." अब्बा गेले तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी. आली तोवर दफन उरकलेलं, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. पन्नास वर्षं तेच धरून बसलीय.
पण आमची जुनी वाडी आता लष्कराच्या फायरिंग रेंजमध्ये. कबरस्तानासकट.

२२ जाने.
रेंजच्या ऑफिसात गेलो. सुभेदार साताऱ्याकडचे, माणूस भला. फायरिंग नसेल त्या दिवशी दफन करू देतील, पण जागा आधी दाखवून ठेवायची. म्हटलं, खूण पक्की आहे.
पहिली रॉकेटं याच माळावर सोडली. रॉकेट पडलं की अब्बा लाल झेंडी घेऊन पळायचे, कुठं पडलं ते दाखवायला. साहेब लोक मागून येऊन मोजायचे. त्यातल्याच एकाच्या शेपटाचं पातं मी अब्बांच्या उशाशी रोवलं. आठवीत होतो. केवढा अभिमान तेव्हा.

२ फेब्रु.
उद्या शब-ए-बारात, म्हणून कबरी साफ करायला आत सोडलं. पातं नाही. सगळा माळ झाडून काढलाय, लोखंडाचा तुकडा ठेवला नाही. तीसेक ढिगारे, सगळे सारखे.
चाचा तेव्हा म्हणाले होते, "उशाचा दगड हलवू नको रे." पातं डुगडुगू नये म्हणून मी तोच दगड फोडून पाचरी मारल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तिथंच बसून रडलो, या वयात.
अम्मीला सांगितलं, जागा बघितली.

५ फेब्रु.
पातं सापडलं. रेंजच्या गेटाशी जुन्या चाचण्यांच्या वस्तू मांडल्यात, त्यात. हिरवा रंग दिलाय. मी खिळ्यानं कोरलेलं अब्बांचं नाव रंगाखालून बोटाला लागतं. कुणी उचललं विचारलं, तर ती तुकडी कधीच बदलून गेली. सुभेदारांनी वर विचारून काढून दिलं. "न्या काका, जाग्यावर लावा परत."
कुठल्या जाग्यावर?

७ फेब्रु.
दफनाला होते त्यातलं मोठं माणूस कुणी उरलं नाही. चाचांच्या पोराला फोन केला. "बोरीजवळ हुतं म्हनायचे." बोर तरी कुठं आहे आता.

९ फेब्रु.
अम्मीनं जेवण सोडलं. पातं व्हरांड्यात होतं, तिनं नेमकं पाहिलं. जवळ आणायला लावलं, नावावरून बोट फिरवलं. मग मलाच झापलं.
"हे कशाला उपटून आनलंस? जागा हरवंल की त्यांची."
म्हटलं, रंग द्यायला आणलं.
"उद्याच्या उद्या लाव. आन् शेजारी माज्यापुरती जागा राखून ठेव." मग गाढ झोपली, किती दिवसांनी.
उद्या फायरिंग नाही, माळ उघडा आहे. पातं मोटरसायकलला बांधून ठेवलंय.