वाइंडिंग विभागातील विनापरवाना शिकवणीबाबत

दिनांक : २३ ऑगस्ट २००४

प्रति,
मा. उपमहाव्यवस्थापक (मनुष्यबळ विकास),
दारणा मोटर उद्योग मर्यादित,
मुख्यालय, पुणे.

अर्जदार : श्रीमती सरिता कापडणीस, वरिष्ठ प्रशिक्षण अधिकारी, अंबड कारखाना, नाशिक.

विषय : श्रीमती कुसाबाई गोटीराम गभाले यांच्याविरुद्धच्या चौकशीतून, चौकशी अधिकारी म्हणून मला मुक्त करण्याबाबत.

संदर्भ : १) परिपत्रक 'परस्पर व स्वयंप्रेरित अध्ययन योजना', दि. १ एप्रिल २००४.
२) माझा अर्ज दि. ११ ऑगस्ट २००४ व त्यावरील आपला शेरा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते, की या विषयावरचा हा माझा दुसरा अर्ज आहे. पहिला पाच ओळींचा होता, तो तिसऱ्या दिवशी परत आला. म्हणून या खेपेस मुळापासून लिहीत आहे. अर्ज लांबल्यास क्षमा असावी.

१. आपल्या अंबड कारखान्यात पंपाच्या मोटरींच्या तांब्याच्या तारेच्या कॉइल हाताने भरल्या जातात, हे आपणांस विदित आहेच. वाइंडिंग विभागात चौतीस महिला आहेत. त्यांतील कुसाबाई गभाले या घोटीकडच्या. शिक्षण चौथी, नोकरी सव्वीस वर्षे. मी पदविकाधारक असून पंधरा वर्षांपासून या महिलांना प्रशिक्षण देण्याचा पगार घेते. फळ्यावर तारेचे गेज, फेऱ्यांची संख्या, ताण इत्यादी बाबी मी शिकवल्या. त्या त्यांनी आदराने ऐकल्या. परंतु माझ्या वर्गातून कॉइल भरायला शिकून बाहेर पडलेली एकही महिला मला आठवत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

त्या शिकत असत जेवणाच्या सुट्टीत. नवीन आलेली महिला पहिले काही दिवस कुसाबाईंच्या डाव्या हाताला बसून जेवे. जेवण झाले, की कुसाबाई स्वतःचा स्टीलचा डबा धुऊन पुसून तिच्या हाती देत आणि डोळे मिटून त्यावर सुतळी गुंडाळायला लावत. सुतळीखाली नख जाता कामा नये, आणि डबा उलटा धरला तर सुतळी घसरता कामा नये. तिच्या बोटाखाली आपले बोट ठेवून त्या एवढेच म्हणत, "तार वढायची नाय. येऊ द्यायची." तीन आठवड्यांत बाई तयार होई. मी बाजूला बसून भाकरी खात असे.

२. गेल्या जानेवारीत पुण्याला प्रशिक्षण अधिकाऱ्यांची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. तिथे आलेल्या पाहुण्यांनी सांगितले, की माणसे कामाच्या जागी बहुतेक गोष्टी एकमेकांकडून आणि स्वतःच्या स्वतः शिकतात; प्रशिक्षकाने वाटेतून बाजूला होणे शिकले पाहिजे. ते ऐकून मला इतका आनंद झाला, की मी हात वर केला आणि डब्याची हकीकत सांगितली. टाळ्या पडल्या. आपण स्वतः मला चहाला नेले व सविस्तर टिपण मागितले. मी रविवारी बसून तीन पाने लिहिली आणि पाठवली.

ती माझी चूक. कंपनीला चौकशी करायचीच असेल, तर त्या तीन पानांची करावी.

३. एप्रिलमध्ये योजना आली. जेवणाच्या सुट्टीला 'परस्पर अध्ययन तासिका' असे नाव मिळाले. जेवणाच्या खोलीवर पाटी लागली. कोण, कोणाकडून, काय, किती मिनिटे शिकले, हे नमुना क्रमांक सातमध्ये भरायचे. योजनेच्या कलम चारनुसार प्रशिक्षकाने शिकवायचे नाही, फक्त उपस्थित राहून नोंद करायची. मे महिन्यात भांडार विभागाकडून चौतीस डबे आले. सर्व एका मापाचे, प्रत्येकावर 'प्रशिक्षण साहित्य. जेवणासाठी वापरू नये' असा शिक्का. सुतळीऐवजी प्रमाणित नायलॉन दोरी आली. ती घसरते. ती घसरते असे मी दोनदा कळवले. उत्तर आले, की घसरण्याच्या नोंदी ठेवाव्यात. त्या ठेवल्या आहेत.

४. यानंतर त्या खोलीत जे झाले, ते कोणत्याही नमुन्यात बसत नसल्याने इथे लिहिते. महिला गप्प बसून जेवू लागल्या. आपण काही बोललो तर ते लिहिले जाईल, मग त्यावर कोणी विचारील, या धास्तीने सासूबाईंच्या गुडघ्याचे दुखणेदेखील कोणी काढीना. जूनमध्ये हरसूलची मैना पुंजा भोये ही नवीन मुलगी परिविक्षेवर लागली. तिने एकदा भर तासिकेत विचारले, "मावशी, थर बदलताना माझी तार सैल का पडती?" कुसाबाईंनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मला नाय माहीत."

महोदय, सव्वीस वर्षांत त्या बाईने हे वाक्य उच्चारलेले कोणी ऐकले नव्हते. मी ते नोंदवले नाही. त्या दिवशीचा नमुना सात मी कोरा ठेवला, त्याबद्दलही माझा खुलासा मागवण्यात आला आहे.

५. मैनाच्या कॉइल नापास होत राहिल्या. ऑगस्टअखेर तिची परिविक्षा संपते. त्याआधी काम जमले नाही, तर तिला घरी जावे लागेल. मंगळवार दि. ३ ऑगस्ट रोजी सकाळी पाळी सुरू होण्याआधी, कारखान्याच्या फाटकाबाहेर बसथांब्यावर, कुसाबाईंनी स्वतःचा डबा रिकामा केला, भाकरी पदरात बांधली आणि मैनाला सुतळी गुंडाळायला लावली. सुरक्षा विभागाने बावीस मिनिटे उभे राहून हे पाहिले व अहवाल दिला. योजनेच्या कलम नऊनुसार तासिकेबाहेर, नोंदीविना दिलेले शिक्षण हे 'अनधिकृत प्रशिक्षण' ठरते आणि त्याची शिक्षा बडतर्फीपर्यंत आहे. कुसाबाईंना दोषारोपपत्र देण्यात आले.

दुसऱ्या दिवसापासून मैनाच्या कॉइल पास होऊ लागल्या. दोषारोपपत्रात हा पुरावा क्रमांक दोन आहे.

६. चौकशी अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली. माझ्यापुढे तीनच वाटा आहेत, आणि त्या तिन्ही मी रोज चालून पाहते. कुसाबाईंनी शिकवले असे लिहावे, तर कुसाबाईंची नोकरी जाते. शिकवले नाही असे लिहावे, तर मैनाचे कसब कोठून आले याची नोंद कुठेच नसल्यामुळे कलम अकरानुसार ती अप्रशिक्षित ठरते आणि कामावरून उठवली जाते. मीच शिकवले असे लिहावे, तर कलम चारचा भंग माझ्याकडून होतो. लाज वाटते, पण सांगते : ही तिसरी वाट मी धरली होती. कच्चा मसुदाही केला होता. तो कुसाबाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "ताई, तुला तार धरता येत नाय, हे साऱ्या खात्याला ठावं हाय. कोण खरं मानंल?" मला तार धरता येत नाही, हे खरे आहे.

७. तेव्हा दि. ११ रोजी मी पहिला अर्ज केला. मला विभागीय चौकशी करण्याचे ज्ञान व अनुभव नसल्यामुळे मुक्त करावे, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर आपला शेरा आला : 'चौकशीचे ज्ञान योजनेनुसार स्वयंप्रेरणेने मिळवावे. अध्ययन सोबत्याचे साहाय्य घ्यावे. तास अध्ययनाच्या वार्षिक चाळीस तासांत धरले जातील.'

शेरा वाचून मी कपाळाला हात लावला. कारण योजनेत प्रत्येकाला एक अध्ययन सोबती दिलेला आहे, आणि या जोड्या मुख्यालयाच्या संगणकाने सेवाज्येष्ठतेवरून लावल्या आहेत. माझ्या सोबती कुसाबाई गभाले आहेत. जोडी बदलून मिळण्याची सोय पुढील एप्रिलपर्यंत नाही, असे मला दूरध्वनीवर सांगण्यात आले. ज्यांची चौकशी करायची, त्यांच्याकडूनच ती कशी करावी हे शिकायचे आहे, हे मी दूरध्वनीवरच्या गृहस्थांना दोनदा समजावून सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, यात नियमाला धरून नाही असं काही दिसत नाही."

८. आदेशाप्रमाणे दि. १७ ते २० ऑगस्ट या चार दिवसांत, जेवणाच्या खोलीत, कुसाबाई आणि मी चौकशी शिकलो. मी स्थायी आदेशांचे पुस्तक मोठ्याने वाचले. त्यांनी ऐकले आणि शेवटी म्हणाल्या, "पुस्तक मिट. आधी माणसाला पाणी दे. मग कवा आन् कुठं ते विचार. का ते लय शेवटाला विचार, तवा माणूस खरं बोलतं."

सरावासाठी समोर दुसरे कोणी नव्हते. म्हणून मी त्यांनाच पाणी दिले आणि त्यांनाच विचारले. तो सराव होता की चौकशी, हे मला अजूनही सांगता येत नाही. पण जबाब मी लिहून घेतला आहे, आणि त्यांच्या शब्दांत खाली देते.

"हो, मी शिकवलं. मंगळवारी, थांब्यावर. नाय कशाला म्हणू? पोरीच्या हातात दिसतंय ना ते. मी नाय म्हणलं तर तिचा हात चोरीचा ठरंल. तिनं काय चोरलंय?"

यानंतर, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, मी शेवटचा प्रश्न विचारला : का? इतकी वर्षे खोलीत शिकवत होतात, मग फाटकाबाहेर का?

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तू वही घिऊन बसतीस ना ताई जेवताना. मग कुठं शिकवू?"

हे उत्तर मी जबाबात जसेच्या तसे लिहिले आहे. त्यावर चौकशी अधिकाऱ्याने उलटप्रश्न विचारायचा असतो, असे पुस्तकात आहे. मला तो सुचला नाही. मला रडू आले. ते नियमात बसत नसल्यास त्याचा खुलासा स्वतंत्रपणे देईन.

९. आरोपीने कबुली दिल्यावर चौकशी अधिकाऱ्याला 'आरोप सिद्ध' याखेरीज दुसरा निष्कर्ष लिहिण्याचा अधिकार राहत नाही. अहवाल सोमवार दि. ३० ऑगस्टपर्यंत द्यायचा आहे. त्याआधी माझ्या अध्ययनाचा नमुना सात पूर्ण होणे आवश्यक होते. त्यात शेवटी 'सोबत्याचा अभिप्राय' असा रकाना असतो. मी कुसाबाईंना विनवले, की काही येत नाही असे लिहा. मला अजून शिकायचे आहे असे लिहा. एवढ्यावर मला सुटता येईल, आणि माझ्यामागून दुसरा कोणी आला तर निदान तुमचा गळा माझ्या हातून कापला जाणार नाही. त्यांनी पेन घेतले. त्या सावकाश लिहितात. लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि डबा धुवायला निघून गेल्या. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : 'सरिताताईला चौकशी चांगली येते. चुकत नाय.'

महोदय, कुसाबाई शिकवण्याच्या बाबतीत कुणाची भीड धरत नाहीत. ज्या बाईला जमत नाही, तिला त्या तोंडावर जमत नाही म्हणतात. त्यांनी येते म्हटले, म्हणजे मला येते. पहिल्या अर्जातले माझे एकमेव कारण त्यांनी स्वतःच्या हाताने खोडून टाकले, स्वतःची नोकरी जाणार हे माहीत असताना.

म्हणून विनंती आता पुढीलप्रमाणे आहे. येत्या सोमवारी मला अहवालाच्या तळाशी दोन शब्द लिहायचे आहेत. ते मला लिहिता येतात, आणि लिहायला बसले तर मी ते बरोबरच लिहीन. एवढ्याचसाठी मला या चौकशीतून मोकळे करावे.

आपली, अजूनही नम्र,

(सही)
सरिता कापडणीस
वरिष्ठ प्रशिक्षण अधिकारी, अंबड कारखाना, नाशिक

सोबत :
१) दोषारोपपत्राची प्रत.
२) श्रीमती गभाले यांचा जबाब, पाने दोन.
३) योजनेचा प्रमाणित डबा, नग एक, न वापरलेला.
४) नमुना क्रमांक सात, सोबत्याच्या अभिप्रायासह. ही मूळ प्रत आहे. पंधरा वर्षांत मला मिळालेला हा एकच दाखला असल्याने काम होताच परत मिळावी.