चौथा उद्गार

९ मार्च २०२५, रविवार

पाळकसाहेब येऊन गेले. चप्पल काढता काढताच म्हणाले, गुड फ्रायडेचं बोलायचं आहे. मी समजलो.

दरवर्षी त्या दुपारी प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार घेऊन सात जण बोलतात. कोणी कशावर बोलायचं ते आधीच वाटून दिलेलं असतं. माझ्या बायकोच्या, सुभद्राच्या वाट्याला नेहमी तिसरा — प्रभू आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो तो. बायकांना तोच द्यायचा, अशी आमच्या चर्चची रीत! यंदा नाताळातच तिने पाळकसाहेबांना गाठलं — "मले चौथा द्या." चौथा म्हणजे, तू मला का सोडलंस, असं प्रभू देवालाच विचारतो तो. तो घ्यायला सहसा कोणी पुढे येत नाही. तिला मिळाला. काय बोलणार, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "त्या दिवशी ऐकजा ना तुम्ही."

जानेवारीत तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला — काहून, म्हणजे का. चहा दिला, काहून. पंखा लावला, काहून. डॉक्टर म्हणतात, त्या प्रश्नाला काही अर्थ नाही, तोंडात तेवढाच शब्द अडकून राहिला आहे. बरं.

चौथा उद्गार आता दुसऱ्या कोणाला देतो, असं पाळकसाहेब म्हणाले आणि सुभद्राने डावा हात खाटेवर आपटला. काहून! याला अर्थ होता, डॉक्टर काही म्हणोत.

तिच्या जागी मी बोलतो, असं म्हणून बसलो. जन्मभर एसटीचं स्टिअरिंग धरलं. माईक कधी धरला नाही!

१३ मार्च

प्रार्थना होत नाही. तिच्या कपाळावर हात ठेवतो, "हे पित्या" म्हणतो, आणि पुढे गाडी बंद. मग नुसता हात ठेवून बसतो. तिला कळत असेल का, की मी काहीच म्हणत नाही?

२३ मार्च, रविवार

उपवासकाळातली घरसभा आज आमच्याकडे होती. स्त्रीमंडळाच्या शोभाताईंनी लांबलचक प्रार्थना केली. मग सुभद्राचा हात धरून म्हणाल्या, यात देवाची काहीतरी योजना असेल.

"काहून," सुभद्रा म्हणाली.

मला हसू आवरेना. सुभद्राही हसली, अर्ध्या तोंडाने. जानेवारीनंतर पहिल्यांदा! शोभाताईंना राग आला असेल असं वाटलं, पण जाताना त्याच थांबल्या, तिच्या केसांतला गुंता सोडवून वेणी घालून गेल्या. मला वेणी घालता येत नाही. आज ती आधीसारखी दिसते आहे.

६ एप्रिल, रविवार

भाषण लिहिलं. तिला वाचून दाखवलं. देवाने असं का केलं असेल, याची कारणं मी एकापुढे एक मांडली होती. पहिल्या कारणाला तिने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याला भिंतीकडे तोंड केलं. मी कागद फाडून टाकले.

चहात पुन्हा साखर विसरलो. बरी होती तेव्हा एक घोट घेऊन कप तसाच माझ्यापुढे सरकवायची. आता मुकाट्याने पिते. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

१२ एप्रिल

कूलर काढला, त्यातलं गवत बदललं. भाषणाच्या नावाने शून्य.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

तिला पांढरी साडी नेसवली. निऱ्या वाकड्या झाल्या. तिने डाव्या हाताने जमतील तेवढ्या सरळ केल्या.

चर्च भरलेलं. तिसरा उद्गार संपला आणि पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. तिची व्हीलचेअर ढकलत पुढे गेलो. खिशात चिठ्ठी नव्हती, डोक्यात काही नव्हतं. कसाबसा बोललो — "हा उद्गार सुभद्राचा आहे. ते तिले बोलायचं होतं."

आणि माईक तिच्या तोंडाशी धरला.

तिने लोकांकडे पाहिलंच नाही. मान वर करून वेदीवरच्या क्रूसाकडे पाहिलं.

"काहून," म्हणाली.

थोडं थांबून पुन्हा एकदा, हळू. मग बस्स. हातानेच माईक बाजूला केला. झालं तिचं!

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं होतं रडेल, चिडेल. तसं काही नव्हतं. उशिरा घरी आलो की मला विचारायची ना, तसं ती विचारत होती — समोरच्या आपल्या माणसाला. मला इतके दिवस तेच येत नव्हतं. तिथेच उभ्या उभ्या मीही विचारलं, मनातल्या मनात, तिच्याच शब्दात. आमेनपर्यंत पोचलो. फार बरं वाटलं.

पाचव्या उद्गाराला बोलवायचं पाळकसाहेब विसरूनच गेले.

२० एप्रिल, ईस्टर

उपासनेहून आलो. चहा केला. एक घोट घेतला तिने आणि कप माझ्यापुढे सरकवला.

"फिक्का," म्हणाली.

साखर विसरलो होतो.