नवरीमागचा मामा

धुळे,
ता. ८ एप्रिल १९८८

ती. झुलालभाऊस,
यशोदाचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या कल्पनाच्या येत्या लग्नात फोटो काढायचे तू बाराशे कळवलेस. ह्यांनी पत्र वाचून खिशात ठेवलं. अक्काच्या उषाच्या लग्नात मात्र सगळं फुकट! नुसतं बटण दाबायचं आणि पहिल्या पंगतीला जेवायचं, त्याचे बाराशे?

खरं सांगते, माझा जळफळाट होतो. लहानपणापासून तू अक्काचाच. एरंडोलला गेलं की ती अल्बम मांडीवर घेते आणि भावाने फुकट केला हे पानोपानी ऐकवते. मलाही तसाच हवा.

वहिनींना नमस्कार. लोभ निदान अक्काइतका तरी असावा.

तुझी,
यशोदा

जळगाव,
ता. १४ एप्रिल

चि. सौ. यशोदास,
अनेक आशीर्वाद.

भांडण पोचलं. बटण फुकटच दाबतो गं. पण रंगीत रोल, लॅबची धुलाई, फ्लॅशचे सेल, कुणी डोळे मिटले म्हणून वाया गेलेले फोटो, सगळं त्या दरातच येतं. अख्खा रोल काळा निघाला तर तोंड दाखवता येणार नाही, म्हणून दुसरा कॅमेरा भाड्याने आणावा लागतो. अक्काच्या वेळी हे मी सोसलं. तुझ्या वहिनीच्या पाटल्या अजून गहाण आहेत. अक्काला कळू देऊ नकोस.

दरात न धरता येणारा खर्च वेगळाच. उषाच्या मंगलाष्टकांना मी खुर्चीवर चढून फोटो काढत होतो. तिच्यामागे मामा म्हणून चुलतभाऊ तोताराम उभा राहिला. अल्बम बघताना उषा अजून विचारते, मामा, तुम्ही कुठे होता?

म्हणून कळवलेला दर माझा नाही, भुसावळच्या सुकदेव फोटोग्राफरचा आहे. जड वाटत असेल तर मी फुकट काढतो. मग कल्पनामागे कुणाला उभं करायचं, ते तू ठरव.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझा,
झुलालभाऊ

धुळे,
ता. ६ जून

ती. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

सुकदेवचे पैसे दिले, अल्बम आला. कल्पनामागे तू उभा आहेस, फेटा वाकडा, आणि सुकदेव कॅमेरा नीट धरत नाही म्हणून कपाळाला आठ्या!

काल अक्का आली. मी मुद्दाम तेच पान तिच्या मांडीवर उघडलं. ती बघत राहिली, डोळे पुसले आणि म्हणाली की बठ्ठं यशोदालेच मिळनं, म्हणजे सगळं मलाच मिळालं म्हणे. मला फार बरं वाटलं. पण चहा ठेवेपर्यंतच. मग राहवेना, पाटल्यांचं सांगून टाकलं.

हे पत्र तिच्याच हाती देते आहे. वहिनीच्या पाटल्या सोडवल्याशिवाय ती जळगावहून हलणार नाही म्हणते. आणि माझं मन बघ, हे मला आधी का सुचलं नाही म्हणून पुन्हा जळतंय.

आता लोभ दोघींवर सारखा असू दे.

तुझी,
यशोदा